घरात वाळणारी दुपटी

गोराई,
८ ऑक्टोबर १९७४

प्रिय सुलू,

आम्ही सगळे मजेत. तूही मजेत असशील असं धरून चालतो, कारण तू काही कळवलेलं नाहीस. तुझं शेवटचं पत्र गणपतीच्या आधी आलं. तेव्हा तुमच्या डोंगरावर ढग होते आणि दुर्बिणीवर ताडपत्री होती. ढग असले की तुम्हाला काम नसतं ना? मग ढग असताना पत्रं का येत नाहीत? आता आकाश उघडेल, म्हणजे तू आणखीच येत नाहीस हाताला. एक काय ते ठरव बाई.

परवाच्या रविवारी आगेरा झाला. नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेल्या, फादरनी पाणी शिंपडलं, मग घरोघर वाटल्या. आमच्या दारावर एक जुडी टांगली आहे, तुझ्या नावाची एक मी फळीवर ठेवली आहे. आईने विचारलं, ही कुणाची? म्हटलं, उंदरांची.

इसिडोरमामाच्या होडीला यंदा इंजिन बसलं आणि ते माझ्या ताब्यात आहे. गोराई ते बोरीवलीचा धक्का, दिवसभर इकडून तिकडे. तुझ्या तिथल्या मैत्रिणींना लाज वाटत असेल तर सांग, ज्युलियस जहाजावर असतो. मला लाज नाही वाटत.

आणि कॉलेजचं पुन्हा काढू नकोस. तू दर पत्रात तळाशी, हळूच, मांजरीने पाय ठेवावा तसं लिहितेस, "अजून परत जाता येईल." नाही जायचं. लंबकाच्या प्रयोगात माझं उत्तर पुस्तकाशी जुळेना, तर तो डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, पुस्तकात बघून लिही आणि पुढच्या टेबलावर जा. तू माझ्याच टेबलावर होतीस. तू लिहिलंस आणि पुढे गेलीस, मी वही तिथेच टाकून खाली उतरलो. तू म्हणतेस दोरा ओला होता. असेल ओला. मग ओल्या दोऱ्याचं उत्तर लिहायला नको?

बरं. खरी बातमी आता सांगतो. काल तुझे बाबा आले होते.

दुपारची फेरी होती. बोरीवलीचा बाजार उरकून आमच्या पाटीवाल्या परत येत होत्या, होडी भरलेली. धक्क्यावर गुणाजीकाका उभे, काळी टोपी, काखेत छत्री. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं आणि दोघांनीही ओळखलं नाही असं दाखवलं. होडी सुटली तसे माझ्याजवळ येऊन बसले.

"तूच काय रे तो ज्युलियस?"

"मीच."

"मगे वल्हव."

"इंजिन आहे, काका."

"मगे इंजिन वल्हव. माका बोलाचा आसा."

ल्युसीमावशी पाटीवर रेलून बसली होती ती सरळ झाली. बोलायचं आहे म्हटलं की आमच्या बायकांना झोप येत नाही.

काका म्हणाले, "माझा चेडू थंय डोंगरार काय करता, ता माका सांग. ती सांगता ता माका कळणा नाय. तुका कळता म्हणे." मग जरा थांबून, "मार्गशीर्षात लगीन करूचा आसा तिचा. नवरो पोर्टात नोकरेक आसा. नंदकिशोर नाव. तू तिका पत्र घाल, घराक ये म्हणान. तुझा ऐकता ती."

निरोप मी दिला. माझं काम संपलं. ये म्हणून मी लिहिणार नाही, हे त्यांना तिथेच सांगितलं. म्हटलं, काका, मार्चपर्यंत ती हलणार नाही. पाऊस संपून आकाश आत्ता कुठे उघडतंय. हा हंगाम गेला तर तिच्या दीर्घिका वर्षभर हाताला लागत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तिला दुर्बीण देतील याचा भरवसा नाही.

"पण करता काय ती?"

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तू मला उत्तनच्या वाटेवर बसून समजावलं होतंस ते सगळं आठवलं. म्हटलं, आकाशात आपल्या ताऱ्यांच्या पलीकडे ताऱ्यांची गावं असतात, एकेका गावात अब्जावधी तारे. त्यातली जवळची तेवढी ही घेते. कुठल्या गावात नवे तारे किती झपाट्याने जन्मतात, ते मोजते. काका म्हणाले, तारो जन्मताना दिसता? म्हटलं, नाही दिसत, तीच तर गंमत आहे. एवढ्या लांबून गाव म्हणजे नुसता एक धुरकट ठिपका.

मग होडीतून गोराई दिसायला लागली आणि मला सुचलं. मला वाटलं झकास सुचलं.

म्हटलं, काका, ते आमचं गाव बघा. इथून माणसं दिसतात? नाही. पण दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. लुगडी दिसतात, दुपटी दिसतात. लुगडं म्हातारीचंही असतं, ते पन्नास वर्षं दोरीवर येत राहणार. पण दुपटं वर्षभरापुरतं, मूल चालायला लागलं की संपलं. म्हणजे आज दोरीवर जेवढी दुपटी, तेवढे पाळणे या वर्षात हलले. सुलूच्या गावांत निळे तारे म्हणजे दुपटी. ते तापट असतात, भडकून जळतात आणि लवकर मरतात, म्हणून जिथे निळा उजेड जास्त तिथे तारे नुकतेच जन्मलेत. लाल-पिवळे तारे म्हणजे लुगडी. ती दुर्बिणीला आधी निळी काच लावते, मग पिवळी, दोन्हींतून उजेड मोजते आणि तुलना करते. एवढंच.

काका बघत राहिले किनाऱ्याकडे. खरंच बघत होते, सुलू. गिरणीत ताण्याच्या धाग्यांवर नजर ठेवलेला माणूस, त्यांचे डोळे एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर जात होते. मी चढलो. म्हटलं, यंदा बघा, गावात पाळणे कमीच दिसतात.

तेव्हा ते म्हणाले, "आणि जी घरात सुकत घालतत, तेंचा काय?"

मला कळलं नाही.

"हिच्या आधीची दोन गेली आमची. मगे हिच्या आवशीन हिची दुपटी सहा म्हयने भायर काढूक नाय. दिष्ट लागता म्हणान. घरातच दोरी बांधलेली. चाळीत कोणाक पत्त्या नाय झील झालो काय चेडू झाला. तुझ्या ह्या होडयेतसून बघला तर माझा चेडू जन्माकच इला नसता."

अख्खी होडी हसली. ल्युसीमावशी तर पाटीवरून घसरली. "ज्युल्या, आरं तुज्या घरात काय हाय ते तरी बग!" म्हणाली.

मी तापलो. मग मीही काहीतरी बोललो. काय ते राहू दे. काका गोराईला उतरले नाहीत, त्याच होडीने परत गेले.

घरी येऊन बघतो तर खरंच, बर्थावहिनीच्या तान्ह्याची दुपटी स्वयंपाकघरात, चुलीच्या वर. तिचं पहिलं गेलं म्हणून आई बाहेर घालू देत नाही. गावभर मोजत फिरलो आणि सख्खा पुतण्या माझ्या हिशोबात नाही! तेव्हा आता तू सांग, तुझ्या आकाशात हे असलं होतं का? आणि झालं तर तू काय करतेस?

लवकर लिही. ढग येण्याची वाट बघू नकोस.

तुझाच,
ज्युलियस


गोराई,
२ नोव्हेंबर १९७४

प्रिय सुलू,

पत्र मिळालं. आज मेलेल्यांचा दिवस, त्यामुळे संध्याकाळी सगळे कबरस्तानात मेणबत्त्या लावायला जातील. समुद्र शांत आहे. बोंबील भरपूर. इंजिनाचा एक वायसर गेला होता तो मालाडहून आणला. बर्थावहिनीचं बाळ आता आवाज ओळखतं, माझ्या आवाजाला रडतं.

तू धुळीबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि इसिडोरमामालाही वाचून दाखवलं. म्हणजे काकांचा प्रश्न बरोबर होता तर. ताऱ्यांच्या गावांत धूळ असते, आणि जिथे नवे तारे जन्मतात तिथेच ती सगळ्यात दाट असते. ती धूळ निळा उजेड आधी खाते, त्यामुळे भरल्या पाळण्यांचं गावही आपल्याला लाल, म्हातारं दिसतं. आणि तू लिहितेस की परदेशात काही लोक आता उजेडाऐवजी ऊब मोजायला लागलेत, कारण धुळीने खाल्लेला उजेड तिला गरम करतो. ज्या घरात दुपटी आत वाळतात त्या घराच्या भिंतीला हात लावून बघायचा! सुले, तू हे इतक्या सरळ लिहिलंस की मला एकदम तुझ्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. तुमच्याकडे ऊब मोजायचं यंत्र नाही, म्हणून तू तीन रंगांच्या काचा लावून, धुळीने किती खाल्लं असेल त्याचा अंदाज घेतेस, हेही कळलं. चुकण्याला जागा ठेवून लिहायचं असतं, म्हणतेस. ते आवडलं. माझ्या डेमॉन्स्ट्रेटरला पाठव.

आता तुझी शेवटची ओळ. दोन पानं धूळ आणि तळाला एकच ओळ: "चंद्रप्रकाशदादाची तार आली आहे, 'लग्न कधी केलंस' एवढीच. तू बाबांना काय सांगितलंस?"

तुझा भाऊ तारेचे पैसे फुकट घालवतो. पत्र नाही का टाकता येत?

वायसरचं लिहिलं. बोंबलाचं लिहिलं. अजून काय लिहू? कबरस्तानात यंदा आमच्या आजीच्या क्रूसाला चुना लावला.

ठीक आहे. लिहितो.

होडी हसत होती. काका हसत नव्हते, छत्रीची मूठ माझ्याकडे रोखली होती त्यांनी. म्हणाले, "बोल मरे. दुपटी मोजणारो तू, माझ्या चेडवाक मार्चपर्यंत थंय ठेवणारो तू कोण?" कोण म्हणजे? काय सांगणार होतो मी? मित्र? एका टेबलावर लंबक हलवणारा? तोंडात आलं ते बोललो.

म्हटलं, "मी तिचा नवरा."

ल्युसीमावशी पाटीसकट पुढे सरकली. मला वाटलं आता थांबावं, पण तोंड चालूच. जूनमध्ये, वांद्र्याला, नोंदणी कचेरीत. साक्षीदार इसिडोरमामा. मामा सुकाणूवर बसला होता, त्याने बिडी पाण्यात टाकली आणि आभाळाकडे बघायला लागला, पण नाही म्हणाला नाही. देवमाणूस आहे माझा मामा.

गुणाजीकाका एवढंच म्हणाले, "होडी परत घे." मी म्हटलं, माणसं उतरू द्या आधी. ती उतरली, आणि ते एकटे बसून राहिले, पाठ माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ल्युसीमावशीची पाटी बोरीवलीच्या बाजारात पोचली आणि तुझी आई तिच्याकडूनच मासे घेते. पुढचं तुला कळलंच आहे. त्या नंदकिशोरच्या माणसांनी दिवाळीच्या आधीच निरोप पाठवला, आम्हाला ही सोयरीक नको. म्हणजे मार्गशीर्षातलं लग्न गेलं. तुला कोणी बोलावणार नाही. तुझा हंगाम वाचला!

म्हणून मी माफी मागणार नाही. मागू कशासाठी? तुला त्या पोर्टातल्याशी लग्न करायचं होतं? नव्हतं ना? मग? तीन वर्षं तुझ्या घरी कोणी विचारलं नाही की ही मुलगी काय शिकते. डोंगरावर रात्री परक्या माणसांत असते, एवढंच त्यांना दिसतं. तो नंदकिशोर तुला निळी काच लावू देणार होता? मी एका वाक्यात जे केलं ते तू पाच पत्रांत नसतं केलंस.

गावात मात्र माझी वाट लागली आहे, ते सांगतो म्हणजे तुला बरं वाटेल. आई चार दिवस बोलली नाही. तू हिंदू म्हणून नाही, ते तर तिला आधीपासून माहीत आहे. पाचव्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाली, "नवऱ्याच्या आंघोळीला उंबराचं पाणी नाय आणलं. बँड नाय लावला. मांडव नाय घातला. विहिरीवर पाच बायका घेऊन जायची मी, धाकट्या पोराच्या लग्नाला. कचेरीत जाऊन सही ठोकली, जशी म्युन्शिपालटीत जलमाची नोंद." आणि डोळ्याला पदर. मी तिला खरं सांगितलं नाही. जेवलो आणि उठलो.

तू रागावली असशील. राग तर राग. पत्रातून शिव्या दे, मी वाचीन. पण मार्चपर्यंत हलू नकोस.

तुझा नवरा (बोरीवलीचा बाजार ते गोराईचा धक्का, सर्वांच्या मते),
ज्युलियस


गोराई,
१ डिसेंबर १९७४

सुलक्षणा,

तुझ्या पत्रात एकही शिवी नव्हती. पाकीट उघडताना मी तयारीत होतो, आणि आत इतकं नीट अक्षर बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तुला आलेली ती तार डोंगरावरच्या कचेरीत सगळ्यांनी वाचली हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाक्याने गोड केलं, सगळ्यांनी अभिनंदन केलं, हेही नाही. आणि तुमचे ते मोठे साहेब म्हणाले की लग्न झालेली मुलगी रात्रपाळीला दुर्बिणीवर एकटी बसणार असेल तर नवऱ्याचं परवानगीचं पत्र आणा, तोवर दिवसाची कामं करा, हे वाचून मी पत्र टाकून खाडीवर जाऊन आलो. आकाश स्वच्छ, आणि तू खाली बसून आकाशाच्या फोटोंच्या जुन्या काचपट्ट्या पुसत होतीस. तुझा हंगाम मी वाचवला होता ना?

परत आल्यावर माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण तू तेही ओळखलंस. मला वाटलं, सोपं आहे, लिहून देतो परवानगी! नवरा मीच तर आहे. कागद काढलासुद्धा. मग तुझी पुढची ओळ वाचली: "परवानगीचं पत्र पाठवलंस तर परत कधी लिहू नकोस. मला नवरा नको होता, त्याची परवानगी तर नकोच. मी साहेबांना खरं सांगून दुर्बीण परत मिळवली आहे. आता तू तिकडे सांग."

आणि त्याखाली: "नंदकिशोरला नाही म्हणायला मला तोंड होतं. मी नाही म्हणणारच होते. बाबांनी मला न विचारता लग्न ठरवलं, तू मला न विचारता लावलंस. फरक सांग."

तीन आठवडे मी फरक शोधला. होडीवर शोधला, मामाशी भांडून शोधला. मामा म्हणाला, "फरक हाय. तिच्या बापाने निदान मुलगा बगितलेला."

म्हणून परवा शुक्रवारी संध्याकाळी गेलो बोरीवलीला. ग्रहण होतं, तू बघितलंच असशील, चंद्र तांब्याच्या परातीसारखा झाला होता. चाळीत सगळे घरात. गॅलरीत एक माणूस नाही, पण प्रत्येक दाराला फट. तुझ्या आईने दार उघडलं आणि मला बघून पुन्हा लावायला घेतलं. मी पाय घातला मध्ये. बोटं अजून सुजली आहेत.

गुणाजीकाका पाटावर जप करत होते. मी उभ्यानेच सांगितलं. मोठ्याने, फटींनाही ऐकू जाईल असं. "काका, मी खोटं बोललो. लग्न झालेलं नाही. नोंदणी नाही, साक्षीदार नाही. सुलक्षणाला यातलं काही माहीत नव्हतं."

ते उठले आणि माझ्या कानाखाली दिली. गिरणीतला हात आहे तुझ्या बाबांचा. मी म्हटलं, अजून एक मारायची असेल तर मारा, पण माझं बोलणं संपलेलं नाही. म्हटलं, खोटं बोललो ते चुकलं, त्याची माफी मागतो. पण ती मार्चपर्यंत तिथेच राहणार हे खोटं नव्हतं. तिला बोलावू नका. तिच्या कामाची तुम्हाला लाज वाटत असेल तर होडीत तो प्रश्न विचारायला नको होता. तिथे बसलेले सगळे साहेब ज्यावर डोकं फोडतात तोच विचारलात तुम्ही.

"खंयचो प्रश्न?"

"घरात वाळणाऱ्या दुपट्यांचा."

मग मी तुझं उत्तर सांगितलं, धूळ, ऊब, भिंतीला हात लावून बघायचं. काका ऐकत होते, मग म्हणाले, "आमची दोरी चुलीमागे बांधलेली." आतून तुझी आई म्हणाली, "चुलीमागे नव्हती दोरी. उतरंडीच्या वर होती. ह्यांका काय ठाऊक! दुपटी मी सुकयलंय काय ह्यांनी?" आणि मग दोघांचं तेवढ्यावरून जुंपलं, मी मध्ये उभा, गाल गरम.

शेवटी काका म्हणाले, "आता खरा सांगान काय उपेग? लगीन मोडला. चाळ हसता. तिचा नाव खराब झाला."

मी म्हटलं, "काका, तुम्ही तिला विचारा ना, तिला काय हवंय ते. एकदा तरी विचारा."

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तू इचारलस?"

सुलक्षणा, एवढी वर्षं झाली. तुझ्यासाठी भांडलो, तुझ्या भावाशी बोलायचं बंद केलं, होडीभर माणसांसमोर तुझा नवरा झालो, आणि तुला विचारलं नाही. मला वाटायचं, त्यात विचारायचं काय! तुला माहीतच आहे. आता वाटतं, नाही म्हणशील या भीतीने विचारलं नसेल. कॉलेज सोडलेला, होडी चालवणारा, किरिस्ताव. माझ्याकडे तोंड आहे म्हणून सगळ्यांना वाटतं मला भीती नाही.

दारापर्यंत काका आले. म्हणाले, "मार्चपर्यंत तिका कोण बोलावचा नाय. मी सांगतंय. पुढचा पुढे." तुझ्याबद्दल एवढंच. माझ्याबद्दल काही नाही, आणि मी विचारलंही नाही.

घरी आईलाही सांगितलं. तिने पळी फेकून मारली, चुकली. मग जरा वेळाने म्हणाली, "म्हंजे पाणी आणायचं अजून बाकीच हाय, असंच ना?" आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद की मला पळीच लागायला हवी होती असं वाटलं. मी म्हटलं, आई, अजून काहीच नाही. ती म्हणाली, हो हो, तेच म्हणते मी.

या पत्रात मी लिहिणार होतो की नाताळानंतर पौर्णिमा आहे, चंद्राच्या उजेडात तुमच्या अंधुक दीर्घिका मोजता येत नाहीत, तेव्हा मी येतो आहे, डोंगराखालच्या बस थांब्यावर भेट. लिहूनही झालं होतं. मग खोडलं. हेही न विचारताच.

म्हणून विचारतो. काय विचारतो ते आधी सरळ सांगतो, म्हणजे फसवल्यासारखं व्हायला नको. मी कॉलेजात परत जाणार नाही. मी धर्म बदलणार नाही आणि तुला बदल म्हणणार नाही. जगात कोणी तुला काचपट्ट्या पुसायला बसवलं तर मी पुन्हा तापेन, ते माझ्याने सुटणार नाही, पण यापुढे तुझ्या नावाने बोलणार नाही. माझ्या नावाने बोलेन. लोकांना तेही आवडत नाही, न आवडो.

माझ्याशी लग्न करशील का?

नाही म्हणालीस तर मी इंजिन बंद करून खाडीत मधोमध दोन शिव्या देईन आणि पुढची फेरी वेळेवर सोडीन. हो म्हणालीस तर काय करीन ते लिहीत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत लग्नाबद्दल या तोंडातून एक शब्द निघणार नाही, ल्युसीमावशीने कितीही टोचलं तरी.

घाई नाही. आकाश स्वच्छ असेल तर आधी दीर्घिका मोज, नंतर लिही.

नुसता,
ज्युलियस